पंधरा वर्षांची छोटी गाडी ठेवावी का, आणि ठेवली तर आधी काय करावे

इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, वडिलांची २०११ सालची मारुती अल्टो त्यांच्याकडे आहे; ती जेमतेम ६८ हजार किलोमीटर चालली आहे आणि वडील गेल्यापासून आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच बाहेर निघते. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत येत्या सप्टेंबरात संपते. नेहमीचे मिस्त्री म्हणतात की इंजिन उत्तम आहे, गाडी काढून टाकू नका. जुन्या गाड्यांचा व्यापारी भंगारापेक्षा फारसा अधिक भाव द्यायला तयार नाही. आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा गाडी तिकडे नेऊ म्हणतो. गाडीवर खर्च करावा का, करायचा तर कोणता आधी, आणि ती पुण्याला पाठवावी का, असे हे तीन प्रश्न आहेत. छोट्या गाड्यांच्या दुरुस्तीतच माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे मी थोडे विस्ताराने उत्तर देत आहे.

सर्वप्रथम मिस्त्रींच्या म्हणण्याविषयी. इंजिन उत्तम आहे हे खरे असेलही. अल्टोचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन हे मारुती ८०० च्या घराण्यातले आहे, देशभरातल्या कारागिरांच्या हातांना त्याची सवय आहे आणि त्याचा प्रत्येक भाग आजही मिळतो. परंतु गाडी ठेवायची की नाही हा निर्णय इंजिनावरून घ्यायचा नसतो, तो पत्र्यावरून घ्यायचा असतो. इंजिन उघडता येते, त्याचे रिंग-पिस्टन बदलता येतात, अगदी वेळ आली तर दुसरे इंजिन बसवून त्याची नोंद आरसीवर करून घेता येते. छोट्या हॅचबॅकला मात्र ट्रकासारखी वेगळी चासी नसते. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा असतो, आणि तो आतून सडला की कितीही पैसे ओतले तरी गाडी पूर्ववत होत नाही. त्याचबरोबर ६८ हजार या आकड्यानेही निश्चिंत होऊ नये. कमी चाललेल्या गाडीचे लोखंड कमी झिजते, पण रबर, पत्रा, ब्रेक ऑइल, इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि वायरींवरचे आवरण हे सर्व कॅलेंडरानुसार म्हातारे होते, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत तर काही भाग रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होतात. म्हणून या वयाच्या गाडीची देखभाल किलोमीटर मोजून नव्हे, तर वर्षे मोजून करावी लागते. पुढचे सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

पत्र्याची तपासणी कशी करावी हे सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. बाहेरून दिसणारा गंज, म्हणजे दाराच्या खालच्या कडेचा किंवा मडगार्डच्या ओठाचा, हा कुरूप असतो परंतु घातक नसतो. घातक गंज पाच-सहा जागी असतो. पहिली जागा म्हणजे दारांखालून पुढून मागे जाणारी पोकळ पट्टी, जिला कारागीर रनिंग बोर्ड म्हणतात. दुसरी, बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारे शॉकॲब्झॉर्बरचे वरचे बुरूज. तिसरी, मागच्या ॲक्सलचे आर्म जिथे बॉडीला बोल्टने धरलेले असतात ते ब्रॅकेट. अल्टोत मागे अखंड ॲक्सल आहे आणि त्याचा सगळा ताण या ब्रॅकेटांवर येतो. चौथी, बॅटरीखालची जागा, जिथे ॲसिडच्या वाफेने रंग सुटतो. पाचवी, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा. आणि सहावी, जी सर्वांत जास्त दुर्लक्षित असते ती, म्हणजे पायांखालची फरशी. गाडी रॅम्पवर घ्यायला लावावी, पेचकसाच्या मुठीने या जागांवर हलके ठोकत जावे आणि आवाज ऐकावा. निरोगी पत्र्याचा आवाज टणक येतो. सडलेल्या जागी तो दबका, भरीव येतो आणि रंगाचे पापुद्रे सुटून खाली पडतात. शंका आली की पेचकसाचे टोक टेकवून जोर द्यावा. टोक आत शिरले तर त्या जागेचा निकाल तिथेच लागला. हे आपण स्वतः समोर उभे राहून पाहावे. चांगला कारागीर त्याला हरकत घेत नाही.

फरशीसाठी रॅम्पही लागत नाही. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची रबरी मॅट काढावी, तिच्याखालचा गालिचा कडेने उचलावा आणि त्याखालच्या जाड नमद्यावर तळहात दाबून धरावा. हात ओला झाला किंवा कुबट वास आला तर समजावे की पाणी आत येते आहे आणि नमदा ते आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो आहे. हे पाणी बहुतेक दोन वाटांनी येते. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, प्लास्टिकची जाळी असते. तिच्यातून पावसाचे पाणी खाली जाऊन दोन्ही बाजूंच्या भोकांतून बाहेर पडावे अशी योजना असते. गाडी कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहत असेल तर ती बारीक पाने या जाळीतून आत जातात, कुजतात, त्यांचा गाळ होतो आणि भोके बुजतात. मग पाणी तुंबते आणि पंख्याच्या वाटेने आत उतरते. दुसरी वाट एसीच्या निचऱ्याच्या नळीची. ती बुजली की उन्हाळ्यात गाडीखाली पडायचे पाणी आत गालिच्यावर पडते. दोन्ही कामे दहा-पंधरा मिनिटांची आहेत आणि त्यांना भाग लागत नाहीत. तरी याच दोन कारणांनी फरशी गेलेल्या गाड्या मी सतत पाहत आलो आहे, आणि त्याचे मला दर वेळी मनापासून वाईट वाटते.

आपल्या माळव्याची हवा या बाबतीत गाडीला अनुकूल आहे. वर्षातले आठ महिने ती कोरडी असते आणि समुद्राची खारी हवा इथे नाही. मुंबईहून किंवा कोकणातून आलेली त्याच वयाची गाडी आणि जन्मापासून एमपी ०९ क्रमांकाची, इंदुरातच वापरलेली गाडी शेजारी उभ्या करून खालून पाहिल्या तर फरक दिसतो. परंतु आपली काळी माती ही उणी बाजू आहे. ती चाकांवरच्या कमानीत आतून थापली जाते, वाळली तरी सुटत नाही, आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा ओली होऊन पत्र्याला चिकटून राहते. म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा आणि तो सुरू होण्याआधी एकदा गाडी उचलून खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. अंडरबॉडी कोटिंग करायचे असेल तर ते एप्रिल-मे महिन्यांतच, गंज घासून, प्रायमर लावून आणि पूर्ण वाळवून करावे. गंजावरच काळा थर मारून देणाऱ्याकडे जाऊ नये, कारण त्या थराखाली ओलावा कोंडला जातो आणि पत्रा अधिक वेगाने, तोही डोळ्याआड, सडतो.

या तपासणीतून निर्णय कसा काढावा तेही स्पष्ट सांगतो. दारे, मडगार्ड, डिकीचे झाकण येथे गंज असेल तर गाडी ठेवण्यास अजिबात अडचण नाही. फरशीला किंवा रनिंग बोर्डला एखाद्या हाताएवढ्या जागेत भोक असेल, तर चांगल्या डेंटरकडून सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घेता येतो. त्यावर फायबर आणि पुटी भरून रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. शॉकॲब्झॉर्बरचे बुरूज किंवा मागच्या ॲक्सलचे ब्रॅकेट सडलेले असतील, तर मात्र माझा सल्ला असा राहील की इंजिन कितीही गोड चालत असले तरी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. तिथून मिळणारे ठेव प्रमाणपत्र नव्या गाडीच्या रोड टॅक्समधील सवलतीसाठी उपयोगी पडते.

पत्रा उत्तीर्ण झाला असे धरून आता पुढे जातो. यानंतरचा पहिला खर्च टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडणाऱ्या पट्ट्याचा. आपल्या आरसीवर इंजिनाची क्षमता ७९६ सीसी अशी असेल तर त्यात दातेरी रबरी पट्टा आहे. २०१० साली आलेल्या ९९८ सीसीच्या अल्टो के-१० मध्ये त्या जागी साखळी आहे आणि तिला हा प्रश्न नाही. हा पट्टा किती हजारांना बदलावा ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते, आणि ६८ हजारांना तो बदलायची वेळ आली नाही असे आपल्याला सांगण्यात येईल. परंतु पंधरा वर्षांचे रबर हे पंधरा वर्षांचे रबर असते. तो बदलल्याची लेखी नोंद हाती नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे. पट्टा पूर्वसूचना देत नाही. तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेड उघडण्याची वेळ येते. पट्ट्याबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पुढची ऑइल सीलेही बदलून घ्यावीत, कारण सीलमधून झिरपलेले ऑइल नव्या पट्ट्यालाही वर्षभरात खाते, आणि मजुरी तर दोन्ही कामांना एकदाच लागते.

दुसरा खर्च थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, राजवाड्याच्या किंवा पलासियाच्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, एसी चालू असतो, आणि रेडिएटरवर वारा येतो तो फक्त पंख्याचा. अशा वेळी छोटे इंजिन पटकन तापते, आणि या व्यवस्थेची इतकी परीक्षा दुसरे काही घेत नाही. जुन्या गाड्यांत मला सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे रेडिएटरमध्ये भरलेले साधे पाणी. कूलंट थोडे कमी झाले की कुणीतरी बाटलीने पाणी घालतो, असे चार-पाच वेळा झाले की कूलंट नावापुरते उरते. त्यात ते पाणी बोअरिंगचे असेल तर अधिकच वाईट. ते जड असते. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाणवाटांत थर धरून बसतात. पितळी रंगाचे, गढूळ पाणी दिसले की संपूर्ण व्यवस्था धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे करून भरावे आणि दर दोन वर्षांनी ते बदलावे.

त्याच वेळी रेडिएटरची टोपी बदलावी. ती स्वस्त असते, म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. तिचे काम केवळ झाकण्याचे नाही. तिच्यातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे २० अंशांनी वाढतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा टोपीची स्प्रिंग ढिली पडलेल्या गाडीत कूलंटला फार थोडी मुभा राहते. टोपीवर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्या टोपीवरच्या आकड्याएवढाच असला पाहिजे. गरम इंजिनावर ती टोपी कधीही उघडू नये.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला आपल्याला कुणी ना कुणी देईल. ‘आपल्याकडे ऊन फार, त्याची गरज नाही’ असे त्याचे समर्थन केले जाते. तो सल्ला मानू नये. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो काढला की इंजिन हिवाळ्यात कायम अर्धवट तापलेले राहते, गाडीतला संगणक त्याला थंड समजून अधिक पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतो आणि ऑइलमध्ये पेट्रोल व ओलावा उतरतो. त्याचप्रमाणे पंखा किल्लीबरोबर सतत चालेल अशी थेट जोडणी करून देण्याची पद्धत आहे. ती केल्यास बिघडलेला सेन्सर किंवा रिले तसाच दडून राहतो. बिघाड असेल तो भाग बदलावा. वर-खालचे होज पाइप हाताने दाबून पाहावेत. ते दगडासारखे कडक किंवा पिठासारखे मऊ लागले तर ते गेले, आणि मग हीटरच्या छोट्या पाइपांसह सर्व एकदमच बदलावेत.

इंजिन ऑइलविषयी थोडक्यात. या इंजिनात ऑइल तीन लिटरांहूनही कमी असते, त्यामुळे अर्धा लिटर कमी झाले तरी फरक पडतो. महिन्यातून एकदा सकाळी, सपाट जागी, गाडी सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहावी. ऑइल वर्षातून एकदा बदलावे, मग गाडी दोनच हजार किलोमीटर चाललेली असो. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ऑइल ओलाव्याने लवकर बिघडते. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताना निळसर धूर एकदा सोडला आणि नंतर थांबला तर व्हॉल्व्ह सीले कडक झाली आहेत. ते काम सवडीने करता येते. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर सतत येत असेल तर रिंगांचा प्रश्न आहे. दोन्ही प्रसंगी जाडसर ऑइल भरून आवाज व धूर दाबण्याचा उपाय टाळावा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच श्रेणीचे ऑइल वापरावे.

ब्रेकांच्या बाबतीत मी तडजोड मानत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट-३ श्रेणीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी तोच किमान आकडा १४० अंश आहे. खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात किंवा मानपूरच्या घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीत हे ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि उतार नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा. उभ्या राहणाऱ्या गाडीत मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडरची रबरे झिरपतात आणि पुढच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. याची एक सोपी चाचणी आहे. दहा-बारा किलोमीटर चालवून, शेवटी फार ब्रेक न लावता गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या मधोमध, हात न टेकवता, तळहात जवळ नेऊन उष्णता पाहावी. डावे-उजवे चाक सारखे हवे. एकच चाक तापले असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही आहे. तो आपले पेट्रोलही खातो आहे आणि गाडी एका अंगाला ओढतो आहे.

टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर माळव्याच्या उन्हात लांबच्या प्रवासाला योग्य नाही, आणि स्टेपनीचीही हीच खूण पाहावी. सस्पेन्शनमधील बुश आणि बॉल जॉइंट हीही वयाने जातात. त्यांचा खर्च फार नाही, आणि ते बदलल्यावर गाडी जी घट्ट वाटू लागते तिचे समाधान मोठे असते. तीन सिलिंडरांचे इंजिन मुळातच थोडे थरथरते, परंतु ती थरथर स्टिअरिंगपर्यंत आणि दारांच्या काचांपर्यंत पोचली असेल तर इंजिनाचे रबरी माउंटिंग बसले आहे, इंजिन नव्हे.

विजेच्या तक्रारींत नाहक खर्च फार होतो. सेल्फ हळू फिरतो म्हणून बॅटरी बदलली जाते, तरी तो हळूच फिरतो म्हणून सेल्फ उघडला जातो, आणि दोष निघतो तो बॅटरीच्या ऋण टोकाकडून बॉडीला व गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. ती जोडणी खोलून, पॉलिश पेपरने चमकवून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावावी, आणि मगच बाकीचे पाहावे. साध्या मीटरने रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसली तर बॅटरी व अल्टरनेटर दोघेही कामाचे आहेत. आठवड्यातून एकदा गाडी नुसती जागेवर पाच मिनिटे सुरू ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. तिने फायद्यापेक्षा नुकसान अधिक होते, कारण सुरू करताना खर्च झालेली वीज भरून निघत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. त्यापेक्षा अर्धा तास बाहेर चालवून आणावी. उंदीर वायरी कुरतडतात हा आपल्याकडचा नित्याचा त्रास आहे; त्यावर बाजारातल्या फवाऱ्यांपेक्षा बोनेट दिवसाआड उघडून पाहणे आणि गाडीजवळ धान्याचे किंवा जनावरांच्या खाण्याचे काही न ठेवणे हाच उपाय मला खात्रीचा वाटतो.

आता पेट्रोलविषयी, कारण हल्ली हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि २०११ सालच्या गाडीची रचना त्या प्रमाणासाठी केलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज काही टक्क्यांनी उतरणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नाही. काळजी करायची ती रबराची आणि पाण्याची. पेट्रोलचे रबरी पाइप, त्यांच्या जोडांवरची वायसरे आणि टाकीच्या तोंडाचे रबर तपासून, भेगा दिसल्या तर आजच्या पेट्रोलला चालतील असे नवे बसवावेत. पेट्रोलचा वास गाडीत येत असेल तर त्या दिवशीच. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून कमी चालणारी गाडी पावसाळ्यात जवळजवळ रिकाम्या टाकीने आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. अर्ध्याहून अधिक भरलेली टाकी आणि नियमित फेरी एवढे पुरते.

एसी, रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांवर पहिल्या वर्षी एक पैसाही खर्च करू नये. या वयाच्या गाडीला नव्याने सीएनजी किट बसवण्याच्याही मी विरोधात आहे. त्याचे वजन मागच्या सस्पेन्शनवर येते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, करावी लागते, आणि आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीत तो खर्च वसूल होत नाही.

कारागीर एकच ठेवावा. आपल्या मिस्त्रींना ही गाडी वडिलांच्या वेळेपासून ठाऊक असेल तर ते मोठे भांडवल आहे. फक्त त्यांच्याकडून प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि भागाचे नाव एका वहीत लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. जुना भाग मागण्यात अविश्वास नसतो. तो पाहूनच पुढच्या वेळी काय लवकर जाते आहे ते कळते. ब्रेक, टायमिंग बेल्ट, फिल्टर आणि सेन्सर हे भाग कंपनीचे किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचे, पक्क्या बिलावर घ्यावेत. आरसे, बंपर, दिव्यांच्या काचा बाजारातल्या चालतात.

व्यापाऱ्याच्या भावावरून गाडीवर खर्च करावा की नाही हे ठरवणे मला बरोबर वाटत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीएवढा झाला म्हणजे तो वाया गेला असा हिशेब सर्वत्र केला जातो, पण आपण गाडी विकणार नसाल तर विक्रीची किंमत हिशेबात येतच नाही. तुलना करायची ती पुढची चार-पाच वर्षे शहरात फिरण्यासाठी दुसरी सोय किती पैशांत होईल याच्याशी. पत्रा निरोगी असेल तर या तुलनेत जुनी छोटी गाडी बहुधा जिंकते. विम्यापैकी तृतीय पक्षाचा विमा कायद्याने आवश्यकच आहे. १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी २०२२ च्या अधिसूचनेत त्याचा वार्षिक हप्ता २,०९४ रुपये ठरला होता. स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा का, हे गाडीचे विमामूल्य पाहून ठरवावे. फार कमी मूल्यावर तो घेण्यात अर्थ उरत नाही. मालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण मात्र वगळू नये.

पुण्याचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण त्याचे उत्तर आपल्या चिरंजीवांना कदाचित आवडणार नाही. गाडी पुण्याला पाठवू नये. कागदांचे कारण असे की, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी इंदूरच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर, आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाड्यांना तिथे लागणारा पर्यावरण कर, एवढे सगळे जुळवावे लागते. परंतु याहून मोठे कारण सुरक्षिततेचे आहे. जोराने ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचे झाले आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२१ पासून. आपल्या गाडीत बहुधा यांपैकी काहीच नाही. गाडी यांत्रिकदृष्ट्या सहाशे किलोमीटर जाईल, याबद्दल मला शंका नाही. परंतु रात्रीच्या महामार्गावर, ट्रकांच्या मधून, ताशी ९० किलोमीटरने जाताना एखादा प्रसंग आला तर ही गाडी आतल्या माणसाला वाचवू शकणार नाही, आणि कितीही चांगली देखभाल ती उणीव भरून काढू शकत नाही. शहरात, ताशी ५०-६० च्या आत, पट्टे बांधून, आणि फार तर दिवसाउजेडी उज्जैनपर्यंत, एवढीच तिची कामगिरी ठरवून घ्यावी. मागच्या सीटचे पट्टे गादीखाली गेलेले असतील ते काढून, त्यांचे बकल लागते का ते पाहावे.

राहिले नोंदणीचे. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण पाच वर्षांचे मिळते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो आणि त्यासाठी गाडीची तपासणी होते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले, आणि उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये अधिक पडतात. विमा आणि पीयूसी त्या दिवशी चालू असले पाहिजेत. गाडी भारत स्टेज तीन या प्रदूषण मानकाची असेल तर पीयूसीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइडसाठी ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनसाठी ७५० पीपीएम आहे. नवे प्लग, स्वच्छ एअर फिल्टर, साफ केलेली थ्रॉटल बॉडी आणि पूर्ण तापलेले इंजिन एवढ्यावर निरोगी गाडी त्यात सहज बसते. आपली मुदत सप्टेंबरात संपते, म्हणजे अर्ज जुलैपासून करता येईल. त्याआधी, पाऊस लागण्यापूर्वी, रॅम्पवरची पत्र्याची तपासणी करून घ्यावी आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत बाकी कोणत्याही कामाला हात लावू देऊ नये. पत्रा चांगला निघाला तर मे महिन्यात टायमिंग बेल्ट आणि कूलंटची कामे, जूनमध्ये ब्रेक, आणि टायर व सस्पेन्शन पावसाळ्यानंतर, अशा क्रमाने खर्च वाटून घेता येईल.